आग्रहाचा खेळ

बालवाडीत येणारं मूल अक्षरांच्या कितीतरी आधी वाटून खायला शिकतं. डबा उघडला की शेजारच्याच्या डब्यात डोकवायचं, आपल्यातलं थोडं द्यायचं, त्याच्यातलं थोडं घ्यायचं, हे आम्ही ताया वर्षानुवर्षं शिकवत आलो आहोत. पुण्यातल्या ज्या बालवाडीत मी काम करते, तिथे खाऊच्या सुट्टीत मुलं गोल करून बसायची आणि मधल्या ताटात प्रत्येक जण आपल्या डब्यातला एक घास ठेवायचा. त्या ताटातलं कुणीही काहीही उचलावं. घरी मेथीला नाक मुरडणारं मूल दुसऱ्याच्या डब्यातला मेथीचा पराठा मिटक्या मारत खायचं. त्या ताटावर माझा फार जीव होता.

मग एका वर्षी लहान गटात एक मुलगी आली. तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. वर्षाची असताना कूट घातलेली कोशिंबीर तिने नुसती चाटली होती. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छाती घरघरायला लागली आणि दवाखान्यात मांडीत इंजेक्शन द्यावं लागलं. हे सगळं तिच्या आईने मला दारातच उभं राहून, आवाज खाली ठेवून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ताई, खाताना तिला वेगळं बसवलंत तरी आमची हरकत नाही.”

माझी हरकत होती. आपल्या समाजात वेगळ्या पंगतीचा इतिहास जुना आहे आणि कडवट आहे. खाताना कुणाला बाजूला बसवलं की साडेतीन-चार वर्षांचं मूलही त्यातून अर्थ काढतं: हिच्यात काहीतरी वाईट आहे. आणि जिला बसवलं जातं, तीही तोच अर्थ काढते. म्हणून आम्ही मधलं ताट बंद केलं, गोल तसाच ठेवला. त्या वर्गाच्या पालकांना पत्र गेलं की या वर्षी डब्यात शेंगदाणा नको.

पहिली अडचण आली चतुर्थीची. त्या दिवशी घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते आणि मुलाच्या डब्यातही तीच जाते. काही पालकांना हे पत्र जाचक वाटलं आणि त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मराठी स्वयंपाकात दाणा आहे तरी किती ठिकाणी! खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, अळूच्या फदफद्यात, भडंगात, चिवड्यात, चटणीत, तिळगुळात, शिवाय फोडणीच्या तेलात. स्वस्त आणि पौष्टिक म्हणून आपण तो मुलांना मुठीने देतो, ते योग्यच आहे. एका आजींनी कुटाऐवजी ओलं खोबरं घालून खिचडी करून पाठवली, ती मुलांना आवडली आणि तीच रीत दोन-चार घरांत गेली. कुणी रताळ्याचा कीस दिला, कुणी भगर. पालकांचा प्रश्न असा सुटत गेला. मुलांना समजावणं हे मात्र वेगळंच काम होतं.

ते मी एका खेळाने सुरू केलं. पदार्थांची चित्रं गोलात मांडली आणि विचारलं, “दाणा कुठे लपलाय?” चिवड्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं, तिथे तो दिसतोच. चिक्कीवरही ठेवलं. खिचडीच्या चित्रापाशी मुलं थबकली. पांढरी तर दिसते! तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, “असतो! आई मिक्सर लावते, झाकण मी दाबून धरतो.” मग त्याने हाताने दाबून, तोंडाने घर्रर्र आवाज करून दाण्याचं कूट कसं होतं ते सगळ्यांना दाखवलं. कोशिंबिरीचं चित्र आलं तेव्हा मुलं आपापसात वाद घालायला लागली. आमच्याकडे घालतात, आमच्याकडे नाही. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं, ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “म्हणजे बघून कळतच नाही.”

हे वाक्य मी तिला शिकवलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं. तिने ते स्वतः शोधलं आणि पुढची पायरी मग आपोआप आली: बघून कळत नाही, म्हणून विचारायचं. आईने, बाबांनी किंवा ताईने ‘चालतं’ म्हटल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. या वयात एवढाच एक नियम पुरतो. पदार्थांच्या लांबलचक याद्या मुलांना पाठ करून घेणारे पालक मी पाहिले आहेत. यादी मोठ्यांसाठी असते. मुलाच्या हाती एकच नियम द्यावा आणि तो कधीही मोडू नये.

आपल्या मुलांची एक गोष्ट या कामात उपयोगी पडते. एखादी व्यक्ती एखादा पदार्थ खात नाही, याचं त्यांना नवल वाटत नाही. आजीचा उपास असतो. आजोबांना साखर वर्ज्य असते. कुणाकडे अंडं शिजत नाही, कुणाकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. मी मुलांना गोलात विचारलं, “तुमच्या घरी कोण काय खात नाही?” उत्तरांचा पाऊस पडला. मग एकेक कारण वेगळं काढत गेलो. उपास दुसऱ्या दिवशी सुटतो. कारलं आज आवडत नाही, मोठेपणी कदाचित आवडेल. पण हिने दाणा खाल्ला तर हिचं अंगच आजारी पडतं, मग वार कोणताही असो आणि हिला आवडो न आवडो. मुलांना हा फरक नीट कळला. एकाने तर लगेच विचारलं, “एकच दाणा खाल्ला तर?” एकही नाही, मी सांगितलं. “अर्धा?” अर्धाही नाही. तो तुकडे लहान लहान करत गेला आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. मोठ्या माणसांनाही हेच समजायला जड जातं.

अंग आजारी का पडतं, हे सांगायला आमच्या गल्लीतला कुत्रा कामी आला. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या काकांवर तो दर वेळी तुटून पडतो. काका चोर नाहीत, पण कुत्र्याला ते चोर वाटतात आणि तो भुंकून गल्ली डोक्यावर घेतो. हिच्या अंगातली राखण करणारी ताकद दाण्याला असंच चुकून चोर समजते, असं मी सांगितलं. दाणा वाईट नाही आणि हीसुद्धा वाईट नाही. दाणा वाईट नाही हे मुद्दाम सांगावं लागलं, कारण एका मुलाने घरी जाऊन ‘दाणे विषारी असतात’ म्हणून ताटातली उसळ ढकलून दिली होती. एका मुलीने विचारलं, “मग कुत्र्याला सांगा ना, की हे आपले काका आहेत.” डॉक्टर तेच करू पाहतायत, मी म्हटलं. खरंच करू पाहतायत. अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून शरीराला हळूहळू ओळख करून देणाऱ्या एका उपचाराला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. मात्र तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा उपचार आहे, आपल्या मनाने घरी करायचा नव्हे.

‘थोडं थोडं देऊन सवय लावा’ हा सल्ला मी आज्या-आजोबांकडून पुष्कळदा ऐकते, म्हणून इथे थांबून सांगते. त्यांच्या म्हणण्यात एका ठिकाणी तथ्य आहे. लंडनमध्ये डॉ. गिडिअन लॅक यांच्या गटाने केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या तान्ह्या मुलांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला, तर पाचव्या वर्षी त्यांच्यातलं ॲलर्जीचं प्रमाण टाळणाऱ्या मुलांपेक्षा खूपच कमी निघालं. त्यामुळे बाळाला वरचं अन्न सुरू करताना दाण्याची पेज किंवा कूट उगाच लांबणीवर टाकू नये, हे आजींचं म्हणणं बरोबरच. तीव्र इसब असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं. पण हा उपाय ॲलर्जी होण्याआधीचा आहे. झाल्यावर घरच्या घरी ‘बघू जरा देऊन’ करणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणं.

नंतर मोठ्या गटात एक प्रसंग घडला. एका मुलीच्या वाढदिवसाला घरून काजूकतली आली. तिने स्वतः फिरून सगळ्यांच्या हातावर एकेक वडी ठेवली. एका मुलाने वडी खाल्ली आणि थोड्या वेळाने तो जीभ दातांवर घासायला लागला. “ताई, जिभेला केस चिकटलाय.” मी पाहिलं, केस नव्हता. पाठोपाठ तो खोकायला लागला, मानेवर लाल चट्टे उठले, आवाज बसला. त्याला काजूची ॲलर्जी आहे हे त्याच्या आईवडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्याला पळू न देता उचलून रिक्षात घातलं आणि जवळच्या मुलांच्या दवाखान्यात नेलं. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. लक्षणं पुन्हा उलटू शकतात म्हणून त्याला रात्रभर तिथेच ठेवलं. तो आज ठणठणीत आहे.

जिभेला केस, घशात काहीतरी बसलंय, तोंडात मुंग्या, दात गरम झालेत: चार-पाच वर्षांचं मूल असंच सांगतं. त्याच्यापाशी ‘श्वास लागतोय’ असे शब्द नसतात. काही मुलं तर बोलतही नाहीत, नुसतं कान-ओठ खाजवत कोपऱ्यात जाऊन बसतात. खाल्ल्यानंतरची असली विचित्र तक्रार हसण्यावारी न्यायची नाही, हे बालवाडीतल्या ताईपासून मावशींपर्यंत सगळ्यांना माहीत हवं.

दुसऱ्या दिवशी गोलात प्रश्नच प्रश्न. “तो मेला असता का?” असं कुणीतरी सरळ विचारलं. अशा वेळी मोठी माणसं विषय बदलतात. मी सांगितलं, फार आजारी पडला असता, म्हणूनच आपण धावत गेलो आणि डॉक्टरांकडे त्याचं औषध होतं. एवढ्याने त्यांचं समाधान झालं. “मी त्याच्या शेजारी बसतो, मला होईल का?” नाही, हे सर्दीसारखं एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एक मुलगा फार खात्रीने म्हणाला, “त्याने काल माझा खडू मोडला ना, म्हणून झालं.” या वयाची मुलं आजार आणि शिक्षा यांची अशी सांगड घालतातच. तसं नसतं, वाईट वागल्याने ॲलर्जी होत नाही आणि चांगलं वागल्याने जात नाही, हे मी त्या दिवशी सांगितलं आणि पुढेही सांगत राहिले.

जिचा वाढदिवस होता ती या सगळ्यात काहीच बोलली नाही. डबाही उघडेना. शेवटी हात धुताना मावशींना हळूच म्हणाली, “माझं खाऊन तो आजारी पडला.” आम्ही सगळे त्या मुलाकडे पाहत होतो आणि देणाऱ्या हाताला काय झालं असेल याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिला जवळ घेऊन सांगितलं की हे कुणालाच माहीत नव्हतं, यात तुझं काही चुकलं नाही. पण खरी गाठ सोडवली त्या मुलाने. तो परत आला तेव्हा तिच्यापाशी जाऊन बसला आणि म्हणाला, “मला काजू चालत नाय.” तिने थोडा विचार करून विचारलं, “मग तुला काय चालतं?”

तो प्रश्न आम्ही उचलला. तेव्हापासून आमच्याकडे खाऊ द्यायची रीत अशी आहे: आधी विचारायचं, “तुला काय चालतं?” आणि मग द्यायचं. वाढदिवसाचा खाऊ कोणता असावा हे आदल्या आठवड्यात ठरतं, बहुतेक वेळा फळं असतात. त्या मुलीने पुढच्या वर्षी चिकू आणले आणि एकेकाला विचारत वाटले. मधलं ताट गेल्याची खंत माझ्या मनातून तेव्हा गेली. देणं राहिलं, त्यात विचारणं आलं.

आता उरतो सगळ्यात कठीण भाग. अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणायला मूल पटकन शिकतं. लाडक्या आजीला, आत्याला, शेजारच्या काकूंना ‘नको’ म्हणणं त्याच्या जिवावर येतं. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचं माप आहे. पहिल्या नकाराला कुणी नकार मानतच नाही. शिवाय प्रसादाला नाही म्हणू नये, ताटात टाकू नये, हेही आपणच त्याच्या कानावर घातलेलं असतं. एकीकडे हे सगळं आणि दुसरीकडे चार वर्षांचा एक जीव.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाची जी वाट घालून दिली, तिच्यात मूल ऐकून नव्हे तर करून शिकतं यावर सगळा भर आहे. त्याच वाटेने आम्ही आग्रहाचा खेळ बसवला. मी ओढणी पदरासारखी घेऊन आजी होते. खोटी वाटी, खोटा लाडू. “ये गं माझी बाय, तुझ्यासाठी मुद्दाम केलाय.” समोरच्या मुलाने म्हणायचं, “नको आजी, मला चालत नाही.” मग मी आग्रह वाढवत नेते. “एवढासा घे.” “नको.” “आजीवर रागावलीस का?” इथे मुलं अडखळतात. शेंगदाण्याचं वावडं असलेली ती मुलगी पहिल्यांदा इथे पोचली तेव्हा तिचा हात खोट्या लाडवाकडे गेला. लाडू नाही हे तिला माहीत होतं, तरी गेला. मी काही बोलले नाही. तिनेच हात मागे घेतला, पाठीमागे दोन्ही हात बांधले आणि म्हणाली, “रागावले नाय. तू मला पापी दे, लाडू नको.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढे हा खेळ सगळेच खेळायला मागू लागले, ज्यांना कसलीच ॲलर्जी नाही तेसुद्धा. शेवटी आजीने काय म्हणायचं हेही आम्ही ठरवलं होतं: “बरं बाळा, तुला काय चालतं?”

संक्रांतीच्या सुमारास बालवाडीत बोरन्हाण असतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा यांच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगाही मुलांच्या डोक्यावरून ओततात आणि मुलं खाली पडलेलं वेचून तोंडात टाकतात. आम्ही शेंगा वगळून गाजराचे तुकडे घेतो. तिळाचीही ॲलर्जी असते, म्हणून तिळगूळ हातावर न देता पुडीत बांधून घरी पाठवतो. दहीहंडीच्या काल्याचंही तसंच. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेला एक मुलगा होता, त्याच्यामुळे दही वेगळं ठेवायला लागलो. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोट दुखतं, दुसरीत जीव धोक्यात येऊ शकतो.

या मुलाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. तो बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शोधायचा आणि ‘हे चालतं’ म्हणून खूश व्हायचा. शाकाहारी घरातली पुष्कळ मुलं हा ठिपका ओळखतात. पण तो फक्त शाकाहार सांगतो. दूध, शेंगदाणा, काजू, गहू, सोयाबीन हे सगळं हिरव्या ठिपक्याच्या पुड्यात असू शकतं. पुड्यात कोणते ॲलर्जीकारक घटक आहेत ते छापणं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी सक्तीचं केलं आहे. ती बारीक अक्षरं वाचणं मोठ्यांचं काम. पुडा तोच असला तरी दर वेळी वाचावी.

मूल कितीही समजूतदार झालं तरी ते मूलच आहे. त्याला समजावलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. आमच्याकडे प्रत्येक ॲलर्जीच्या मुलाचा फोटो, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि औषधं स्वयंपाकघराच्या फळीवर, सगळ्या मोठ्यांच्या हाताला येतील अशी ठेवलेली आहेत. खाऊनंतर सगळी मुलं साबणाने हात धुतात. सॅनिटायझर चालत नाही. हातावर राहिलेला दाण्याचा अंश साबणाने जातो, सॅनिटायझरने राहू शकतो, हे अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. परदेशात मुलांच्या दप्तरात असतं तसं ॲड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून काही पालक डॉक्टरांकडून शिकून इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज जवळ ठेवतात. खाज उतरवणारं नेहमीचं औषध श्वास अडकलेल्या मुलाला वाचवत नाही, हे आईवडिलांनी डॉक्टरांकडून समजून घ्यावं. आपल्याकडे शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते, हे खरं. त्याचमुळे ती ओळखणारी माणसंही कमी आहेत.

माझी विनंती दोन प्रकारच्या वाचकांना आहे. ज्यांच्या मुलाला ॲलर्जी आहे त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच ती लेखी द्यावी, संकोच करू नये आणि मुलाला वेगळं बसवा असं तर मुळीच म्हणू नये. आणि येत्या संक्रांतीला ज्यांच्या घरी लहान मुलं येतील त्यांनी लाडू हातावर ठेवण्याआधी आईवडिलांना विचारावं, मूल ‘नको’ म्हणालं तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. घरात चिकू, केळं, एखादं फळ ठेवा आणि त्यालाच विचारा, तुला काय चालतं.